ज्यूंच्या जीवनावरील माहितीपट : कोल्हापूरच्या वाचकांचे प्रश्न

या वेळी सदरासाठी निवडलेली पत्रे कोल्हापूर शहर आणि परिसरातून आली आहेत आणि सर्वांचा विषय एकच आहे. राजारामपुरीतील एक छोटे चित्रपट मंडळ ज्यू लोकांचे जीवन, इतिहास आणि ओळख यांवरील माहितीपट दाखवण्याच्या विचारात आहे. त्या बेताची वार्ता पसरल्यावर इतरांनीही आपापल्या शंका लिहून पाठवल्या. काही पत्रे लांबलचक होती, त्यांचा गाभा तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाला शनिवार-रविवारच्या दोन सायंकाळी ज्यूंच्या जीवनावरील माहितीपट दाखवायचे आहेत. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरील ‘शोआ’ हा या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा माहितीपट मानला जातो, परंतु तो साडेनऊ तासांचा आहे. त्यातील निवडक भाग दाखवावेत का? नसल्यास सुरुवात कशाने करावी? – एक सभासद, राजारामपुरी

उत्तर : ‘शोआ’चे तुकडे दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लोद लान्झमान यांनी अकरा वर्षे खपून १९८५ मध्ये पूर्ण केलेला हा माहितीपट प्रेक्षकाला थकवतो, आणि ते थकवणे त्याच्या रचनेचाच भाग आहे. त्यातील एखादी मुलाखत वेगळी काढली की ती केवळ हृदयद्रावक कथा उरते आणि एकाच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा परतण्याची त्याची चिकाटी हरवते. मूळ माहितीपट दोन भागांत विभागलेला आहे. पुढे कधीतरी सुट्टीचे दोन पूर्ण दिवस हाती असतील, तेव्हाच तो योजावा.

पहिल्या सायंकाळी अलाँ रेने यांचा ‘नाइट अँड फॉग’ ठेवावा. १९५५ मध्ये तयार झालेला हा माहितीपट अवघ्या बत्तीस मिनिटांचा आहे. आउश्विट्झ या नाझी छावणीच्या ओसाड आवारातील रंगीत दृश्ये आणि युद्धकाळातील कृष्णधवल दृश्ये त्यात आळीपाळीने येतात. निवेदन लिहिणारे जाँ केरोल हे स्वतः नाझी छळछावणीतून वाचलेले होते. माहितीपट पाहून झाल्यावर सभासदांना एक प्रश्न विचारावा : या निवेदनात ज्यूंचा उल्लेख किती वेळा आला? सगळ्या निवेदनात ॲमस्टरडॅमच्या एका ज्यू विद्यार्थ्याचा ओझरता उल्लेख तेवढा आहे. त्या काळच्या फ्रान्सला ‘देशासाठी लढून हद्दपार झालेला फ्रेंच नागरिक’ ही प्रतिमा जवळची होती, आणि केवळ ज्यू म्हणून मारल्या गेलेल्यांना त्या प्रतिमेत जागा नव्हती. फ्रेंच चित्रपट परिनिरीक्षण मंडळाची हरकतही याच्याशी सुसंगत होती. फ्रान्समधील पितिव्हिए येथील छावणीवर पहारा देणाऱ्या एका फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती, म्हणजेच फ्रेंच पोलिसांचा सहभाग दिसत होता, म्हणून ती टोपी चित्रावर रंगवून झाकावी लागली. छळछावण्यांवरील इतक्या निर्भीड कृतीलाही तिच्या काळाने दोन ठिकाणी हात लावला होता, हे प्रेक्षकांना समजले तर पुढचे माहितीपट ते अधिक डोळसपणे पाहतील.

त्याच सायंकाळी बियांका स्टिख्टर यांचा ‘थ्री मिनिट्स : अ लेंग्थनिंग’ दाखवावा. न्यूयॉर्कचे डेव्हिड कुर्ट्झ १९३८ मध्ये युरोपच्या सहलीवर गेले असताना पोलंडमधील नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी थांबले आणि त्यांनी हौसेने तेथील रस्त्यावरची गर्दी चित्रित केली. ती जेमतेम तीन मिनिटांची चित्रफीत त्यांच्या नातवाला २००९ मध्ये सापडली. एकोणसत्तर मिनिटांच्या या माहितीपटात त्या तीन मिनिटांपलीकडचे एकही दृश्य नाही. तीच चित्रफीत थांबवून, मोठी करून, उलटसुलट फिरवून पाहिली जाते आणि तिच्यावर माणसांचे आवाज ऐकू येतात. दुकानाच्या पाटीवरील पुसट अक्षरे, कोटांची बटणे, मुलांच्या डोक्यावरील टोप्यांवरून कळणारी त्यांची सामाजिक पायरी, प्रार्थनामंदिराच्या दारावरील नक्षी असा एकेक धागा पकडून गाव उभे राहते. डिसेंबर १९३९ मध्ये नाशेल्स्कच्या ज्यूंना गावातून हाकलण्यात आले. त्या गावात राहणाऱ्या सुमारे तीन हजार ज्यूंपैकी शंभरही युद्धानंतर जिवंत उरले नाहीत. तरीही पडद्यावर एकही प्रेत दिसत नाही. दिसतात ती कॅमेऱ्यासमोर येण्यासाठी एकमेकांना ढकलणारी पोरे.

दुसऱ्या सायंकाळी काय दाखवावे, याचे उत्तर पुढील प्रश्नात येईल. येथे एक व्यावहारिक सूचना करतो. घरी पाहण्यासाठी घेतलेली ऑनलाइन वाहिनीची वर्गणी सार्वजनिक प्रदर्शनासाठी चालत नाही. वितरकाची लेखी अनुमती आधी मागवावी. छोट्या मंडळांना ती पुष्कळदा वाजवी शुल्कात मिळते.

प्रश्न : युद्धकाळातील अस्सल चित्रण विपुल उपलब्ध असताना लान्झमान यांनी ‘शोआ’मध्ये एकही जुने दृश्य वापरले नाही, असे वाचले. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला मूळ पुराव्याचे महत्त्व शिकवले जाते. मग हा पुरावा नाकारण्यामागे तर्क कोणता? – एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘अस्सल’ हा शब्द तपासून पाहू. नाझी राजवटीतील उपलब्ध चित्रण मुख्यतः दोन प्रकारचे आहे. एक नाझींच्या प्रचारखात्याने केलेले आणि दुसरे छावण्या मुक्त करणाऱ्या सैन्यांनी १९४५ मध्ये केलेले. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक, खेल्मनो या नाझी मृत्युछावण्यांत माणसे मारली जात होती तेव्हाचे चित्रण नाही, आणि त्या जागा नाझींनी जाताना शक्य तितक्या पुसून टाकल्या. आपल्या मनात बसलेली प्रेतांच्या ढिगांची दृश्ये बहुतांशी बर्गेन-बेल्झेनसारख्या छावण्यांतील आहेत. तेथे उपासमारीने आणि टायफसने हजारो माणसे मेली, परंतु तेथे विषारी वायूने माणसे मारण्याच्या कोठड्या नव्हत्या. म्हणजे एका जागेचे चित्र दुसऱ्या जागेच्या घटनेची साक्ष म्हणून आपण नकळत वापरत आलो आहोत. लान्झमान यांनी हा उसना पुरावा नाकारला आणि त्याऐवजी साक्षीदाराचा चेहरा, त्याची भाषा, आजची जागा आणि धावणारी आगगाडी एवढ्यावर सारा डोलारा उभा केला.

नाझींच्या चित्रणाची गोष्ट तर याहून बोलकी आहे, आणि मंडळाने दुसऱ्या सायंकाळी दाखवावा असा माहितीपट याच गोष्टीवर आहे : याएल हेर्सोन्स्की यांचा ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ (२०१०). मे १९४२ मध्ये एक जर्मन चित्रण पथक वॉर्साच्या ज्यू वस्तीत, म्हणजे भिंतीआड कोंडलेल्या घेट्टोत, शिरले. त्याने केलेल्या चित्रणाचे सुमारे तासाभराचे मूक, अपुरे संकलन युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या चित्रसंग्रहात सापडले आणि त्यातील दृश्ये कित्येक दशके घेट्टोचे सत्यचित्र म्हणून अनेक माहितीपटांत वापरली गेली. टाकून दिलेल्या चित्रणाचे आणखी एक रीळ १९९८ मध्ये मिळाले. त्यात तेच दृश्य तीन-तीन वेळा घेतलेले दिसत होते, आणि चौकटीच्या कडेला दुसरा कॅमेरावालाही उभा होता. उपाहारगृहात मेजवानी झोडणारे श्रीमंत ज्यू आणि दाराशी पडलेल्या उपाशी मुलांकडे ढुंकूनही न पाहता निघून जाणाऱ्या बायका ही सारी दृश्ये बंदुकीच्या धाकाने बसवलेली होती. ज्यू समाज आपल्याच लोकांबद्दल कसा निर्दय आहे, हे दाखवण्याचा तो घाट होता. घेट्टोच्या ज्यू मंडळाचे प्रमुख आदाम चेर्नियाकुव यांच्या रोजनिशीत या चित्रणाच्या नोंदी आहेत. २२ जुलै १९४२ रोजी त्याच वस्तीतून ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी चेर्नियाकुव यांनी आत्महत्या केली.

म्हणून ते चित्रण फेकून द्यावे का? हेर्सोन्स्की तसे करत नाहीत. घेट्टोतून वाचलेल्या वृद्ध व्यक्तींना अंधाऱ्या चित्रगृहात बसवून त्या हे रीळ दाखवतात. त्यांतील एकेक जण सांगतो की ही मेजवानी खोटी, परंतु हा रस्ता खरा आहे, आणि ही उपासमार तर नक्कीच खरी आहे. एकाच चौकटीत खोटे आणि खरे शेजारी शेजारी असतात, ते वेगळे करायला माहीतगार माणूस लागतो.

चित्रण बनावट ठरवले जाईल ही भीती १९४५ मध्येच काहींना जाणवली होती. सिडनी बर्नस्टीन यांनी ब्रिटिश सरकारसाठी हाती घेतलेल्या छावण्यांवरील माहितीपटासाठी आल्फ्रेड हिचकॉक सल्लागार होते. दृश्ये शक्यतो न तोडता, कॅमेरा सावकाश फिरवत घ्यावीत, म्हणजे जोडकामाचा संशय उरणार नाही, असा त्यांचा सल्ला होता. तो माहितीपट तेव्हा अपुराच राहिला. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने तो पूर्ण करून २०१४ मध्ये लोकांसमोर आणला.

लान्झमान यांच्याकडेही आपण भाबडेपणाने पाहू नये. ट्रेब्लिंकात स्त्रियांचे केस कापायला लावलेले आब्राहाम बोम्बा ‘शोआ’मध्ये तेल अवीवच्या एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकाचे केस कापता कापता बोलतात. ते दुकान चित्रणासाठी भाड्याने घेतले होते आणि बोम्बा तेव्हा तो व्यवसाय करत नव्हते. ट्रेब्लिंकात काम केलेल्या फ्रान्झ सुखोमेल या नाझी अधिकाऱ्याला नाव गुप्त ठेवण्याचे आश्वासन देऊन लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपले आहे. पहिली गोष्ट मला क्षम्य वाटते, कारण हातांना जुने काम दिल्यावरच ती आठवण बाहेर आली. दुसऱ्या गोष्टीवर आपल्या वर्गात वाद व्हावा.

प्रश्न : आमच्या वळिवडे गावी दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. हे सर्व ज्यू असून हिटलरच्या तावडीतून सुटून आले होते, असे आमच्याकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे का? या विषयावर माहितीपट आहे का? – एक निवृत्त शिक्षक, गांधीनगर

उत्तर : वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८ या काळात होती आणि तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती आणि त्यांतील बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक होते. हे लोक हिटलरच्या छळछावण्यांतून नव्हे, तर सोव्हिएत रशियातून आले होते. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि पुढील दीड-दोन वर्षांत तेथील लाखो नागरिकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवले. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. पोलंडच्या परागंदा सरकारशी स्टालिनने करार केला, हद्दपार लोकांना मोकळीक मिळाली, आणि पोलिश जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो कुटुंबे १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तेथून त्यांची पांगापांग झाली. काही आफ्रिकेत गेली, काही जामनगरजवळच्या बालाचडीत, तर काही पंचगंगेच्या काठी आपल्या वळिवड्यात आली. छावणी रिकामी झाल्यावर तेथे सिंधी निर्वासित वसले आणि गांधीनगर उभे राहिले, हे आपणास मी सांगण्याची गरज नाही.

त्या स्थलांतरात ज्यूही होते. ‘तेहरानची मुले’ म्हणून इतिहासात ओळखली जाणारी आठशेहून अधिक ज्यू मुले, त्यांतील बहुतेक अनाथ, याच वाटेने इराणात पोहोचली आणि तेथून बोटीने कराची, सुएझ करीत फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाइनला गेली. म्हणजे दोन कहाण्या काही अंतर एकाच वाटेने चालल्या आणि इराणात वेगळ्या झाल्या. त्यांची सरमिसळ केल्याने ज्यूंचाही सन्मान होत नाही आणि सैबेरियात नातलग गमावलेल्या पोलिश कुटुंबांवरही अन्याय होतो.

अनु राधा यांचा ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ (२०१३) हा माहितीपट मुख्यतः बालाचडी आणि जामनगरचे संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्यावर आहे. भारतात आश्रय मिळालेल्या पोलिश ज्यूंची गोष्ट पाहायची असेल तर इस्रायलचे एरेझ लाउफर यांचा ‘राफ्टिंग टू बॉम्बे’ (२००९) पाहावा. लहानपणी मुंबईत आसरा मिळालेल्या आपल्या वडिलांना घेऊन दिग्दर्शक मुंबईत येतात, आणि चित्रण चालू असतानाच २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला होतो, ज्यात नरिमन हाउस हे ज्यू केंद्रही लक्ष्य होते.

प्रश्न : आपल्या मराठी ज्यूंवर, म्हणजे बेने इस्रायलांवर, काही आहे का? की ज्यू म्हटले की युरोपच पाहायचा? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : आपला रोख योग्य आहे. कोकणच्या किनाऱ्यावर नवगावाजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी परंपरा सांगणारा, तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी ते बंद ठेवणारा म्हणून शनवार तेली म्हटला गेलेला हा समाज. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे रायगड जिल्ह्याचा नकाशाच आहेत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायलांनी बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने रचली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या वल्हांडण या ज्यू सणाच्या पोथीत मराठी भाषांतर आहे आणि बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यात दाखवल्या आहेत. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा तर आजही होतो.

पडद्यावर मात्र हे जग पुष्कळदा बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांनी टिपले आहे. सादिया शेपर्ड यांचा ‘इन सर्च ऑफ द बेने इस्रायल’ (२००८) मला त्यांतील सर्वांत प्रामाणिक वाटतो. आजी बेने इस्रायल, आई मुसलमान आणि वडील ख्रिस्ती असलेल्या या अमेरिकन लेखिकेने आजीच्या समाजाचा शोध घेत कोकण गाठले. परकेपण आणि नाते दोन्ही तिच्याकडे असल्यामुळे तिचे प्रश्न वेगळे पडतात. ‘नेक्स्ट इयर इन बॉम्बे’ हा जोनास पॅरिएंट आणि मातियास मांजँ यांचा माहितीपट मुंबईत राहावे की इस्रायलला जावे, या पेचातील एका तरुण कुटुंबाभोवती फिरतो.

डॅनी बेन-मोशे यांचा ‘शालोम बॉलिवुड’ (२०१७) रंजक आहे, आणि चित्रनगरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात तो रंगेल यात शंका नाही. सुलोचना म्हणून गाजलेल्या रूबी मायर्स, १९४७ च्या पहिल्या मिस इंडिया प्रमिला, नादिरा आणि डेव्हिड हे त्याचे नायक-नायिका आहेत. (आपल्या सुलोचनादीदी वेगळ्या, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.) परंतु पाहताना एक भेद लक्षात ठेवावा. यांतील बहुतेक नट्या बगदादी ज्यू घराण्यांतील होत्या, म्हणजे व्यापारासाठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इराक आणि आसपासच्या प्रदेशांतून मुंबई-कोलकात्यात आलेल्यांच्या वंशज. बगदादींनी बेने इस्रायलांना बरोबरीचे मानलेच असे नाही. डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे मात्र बेने इस्रायल होते. ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची कथा ज्यांच्या नाटकावरून घेतली, ते जोसेफ डेव्हिड पेणकरही बेने इस्रायलच. ‘भारतीय ज्यू’ या एका शीर्षकाखाली सर्वांना बसवले की हा आतला ताण झाकला जातो.

हा ताण भारतातच संपला नाही. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस तेथील प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहासाठी वंशाची विशेष चौकशी लागू केली. ‘तुम्ही पुरेसे ज्यू आहात का’ असाच त्याचा अर्थ होता. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये निदर्शने आणि उपोषणे झाली आणि १९६४ मध्ये संसदेने हस्तक्षेप केल्यावर तो आदेश मागे घ्यावा लागला. ओळख म्हणजे काय, हा प्रश्न मराठी बोलणाऱ्या माणसांनी तेथे रस्त्यावर बसून लढवला. त्या आंदोलनात मराठीतून काय बोलले गेले, यावर एखादा चांगला माहितीपट झालेला मला पाहायला आवडेल.

प्रश्न : सध्याच्या परिस्थितीत ज्यूंवरील माहितीपट दाखवणे म्हणजे इस्रायल सरकारची बाजू घेणे नव्हे का? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : नव्हे. एखाद्या समाजाचे जीवन पाहणे आणि एखाद्या सरकारच्या कृतीला मान्यता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एक मानण्याची चूक दोन्ही बाजूंकडून होते. खात्री पटवायची असेल तर समीर या इराकी-स्विस दिग्दर्शकाचा ‘फर्गेट बगदाद’ (२००२) पाहावा. १९५०-५१ मध्ये इराकमधून एक लाखाहून अधिक ज्यू इस्रायलला गेले. त्यांतील काही बगदादींशी, मुख्यतः जुन्या कम्युनिस्टांशी, येथे संवाद आहे, आणि त्यांपैकी समीर नक्काश हे लेखक इस्रायलमध्ये राहूनही शेवटपर्यंत अरबीतच लिहीत राहिले. अरब आणि ज्यू ही एकाच माणसाची ओळख असू शकते, हे ऐकताना दोन्हीकडच्या घोषणा लटक्या पडतात.

प्रश्न : पुण्यात आमच्या परिचयाच्या एक वयोवृद्ध बेने इस्रायल बाई आहेत. त्यांच्या आठवणी मोबाइलवर चित्रित करून ठेवाव्यात असे मनात आहे. मी चित्रपटाचे शिक्षण घेतलेले नाही. काय काळजी घ्यावी? – एक वाचक महिला, ताराबाई पार्क

उत्तर : अवश्य करावे, आणि लवकर करावे. प्रथम त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची लेखी संमती घ्यावी, आणि हे चित्रण कोण पाहणार, इंटरनेटवर जाणार की नाही, ते त्यात स्पष्ट लिहावे. मोबाइल तिवईवर आडवा लावावा, पंखा बंद करावा, आणि कॉलरला लावायचा साधा मायक्रोफोन विकत घ्यावा, कारण चित्र थोडे अंधुक चालते, पण आवाज गेला की सगळे गेले.

येल विद्यापीठातील फोर्टुनॉफ संग्रहाने नाझी संहारातून वाचलेल्या ज्यूंच्या हजारो साक्षी नोंदवताना एक शिस्त पाळली : मुलाखत घेणाऱ्याने दिशा देऊ नये, बोलणाऱ्याला थांबू द्यावे, गप्प बसू द्यावे. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या आणि पन्नास हजारांहून अधिक साक्षी जमवलेल्या शोआ फाउंडेशनची रीत थोडी वेगळी आहे. बालपणापासून क्रमाने सारे आयुष्य, आणि शेवटी घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे कॅमेऱ्यासमोर एकेक धरून त्यांतील माणसांची नावे. आपण या दोन्हींचा मेळ घालावा. ‘ज्यू असणे म्हणजे काय’ असा मोठा प्रश्न विचारू नये. शुक्रवारी संध्याकाळी घरात काय काय होत असे, मलिद्याला कोणाकोणाला बोलावत, शाळेत शनिवारी काय करत, पुण्याच्या लालदेवळात, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, स्त्रिया कोठे बसत, इस्रायलला गेलेल्या भावंडांची पत्रे मराठीत येत का, असे विचारावे. त्या ओव्या, आरत्या किंवा कीर्तनातील पदे म्हणू लागल्या तर मध्ये बोलू नये आणि पद संपल्यावरही काही क्षण चित्रण चालू ठेवावे.

एका बैठकीत तासाभरापेक्षा अधिक ताणू नये. प्रत्येक चित्रणाला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे पूर्ण नाव असलेले शीर्षक द्यावे, मूळ फाइल न कापता दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावी, आणि संपादन करायचे ते प्रतीवर करावे. छायाचित्रांतील नावे बोलण्याबरोबर कागदावरही उतरवून घ्यावीत, कारण आडनावावरून गाव कळते, पण मुलीचे माहेरचे नाव विचारल्याशिवाय कळत नाही.